नियम सर्वांचे, चित्र चिताऱ्याचे

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी 120 गोल पाने असतात. या खेळाच्या नियमांवर कोणाचीच मालकी नाही. कल्पनेला स्वामित्वहक्क नसतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद खटल्यात दिलाच आहे. अमेरिकेत मात्र 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या प्रकाशकाने 2000 साली दिलेला खुला परवाना जानेवारी 2023 मध्ये आवळू पाहिला. त्यावर नवे खेळ बेतून पोट भरणारे खवळले, तेव्हा कुठे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या हवाली झाले. गंजिफेवर तसा प्रसंग येणे नाही. नियम वाटल्याने घटत नाहीत. परंतु चिताऱ्याने स्वतः योजून रंगविलेले पान कोणी छापून स्वस्तात विकले, तर त्याची मजुरी बुडते. कायदा त्याच्या बाजूने आहे. दाव्याचा खर्च कोणी सोसावयाचा?