आयर्लंड : समज आणि वस्तुस्थिती

दरवर्षी १७ मार्च रोजी, संत पॅट्रिक यांच्या स्मृतिदिनी, जगातील अनेक शहरांत हिरव्या रंगाची उधळण होते. त्यावरून आयरिश माणसाचे एक ठरावीक चित्र मनात उभे राहते : हिरवा पोशाख, हाती मद्याचा पेला आणि ओठांवर गाणे. या चित्रात तथ्य थोडे आणि कल्पना अधिक आहे.

संत पॅट्रिक मुळात आयरिश नव्हते. त्यांचा जन्म ब्रिटनमध्ये झाला. सोळाव्या वर्षी चाच्यांनी त्यांना पकडून आयर्लंडमध्ये गुलाम म्हणून नेले. त्यांनी त्या बेटावरून सर्प हाकलले, अशी आख्यायिका आहे. परंतु हिमयुगानंतर तेथे सर्प पोहोचलेच नव्हते. शॅमरॉक या प्रसिद्ध पर्णचिन्हाला चार नव्हे, तीनच पाने असतात. आणि देशाचे राजचिन्ह तर हार्प हे तंतुवाद्य आहे.

मद्यप्रेमाचा शिक्काही असाच अर्धसत्य आहे. १८३८ मध्ये कॉर्क शहरात फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी संपूर्ण मद्यत्यागाची चळवळ उभारली. आपल्याकडे गुरूंच्या साक्षीने नियम घ्यावा, तशी शपथ काही वर्षांतच लक्षावधी लोकांनी घेतली. विसाव्या शतकात तर अनेक दशके १७ मार्चलाच तेथील मद्यालये कायद्याने बंद असत.

व्यापारी वर्गाने ध्यानी घ्यावी अशी हकिगत १९७० सालची आहे. कर्मचाऱ्यांशी झालेल्या वादामुळे तेथील प्रमुख बँका १ मेपासून सुमारे साडेसहा महिने बंद राहिल्या. तरीही बाजार थांबला नाही. धनादेश वटण्याची सोय नसताना ते हातोहात फिरत राहिले. कोणाचा धनादेश स्वीकारावा, हे बहुधा गल्लीतील दुकानदार किंवा मद्यालयाचा मालक ठरवी. कारण ग्राहकाची पत त्याला वर्षानुवर्षांच्या परिचयाने ठाऊक असे. हुंडीच्या परंपरेत वाढलेल्या घराण्यांना याचे मर्म निराळे सांगावयास नको.

आयर्लंड म्हणजे बटाट्याचा देश, हा आणखी एक समज. बटाटा तेथे दक्षिण अमेरिकेतून आला. गरीब कुळांकडील जमीन इतकी थोडी असे, की तेवढ्यात कुटुंब पोसणारे दुसरे पीक नव्हते. १८४५ पासून रोगामुळे ते पीक बुडाले. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. देशात अन्नच नव्हते, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. त्या काळातही बंदरांतून धान्य इंग्लंडला जात होते; ते विकत घेण्यास गरिबांपाशी पैसा नव्हता.

१८४७ मध्ये अमेरिकेतील चोक्टॉ या आदिवासी जमातीने या उपाशी लोकांसाठी १७० डॉलर जमवून पाठवले. हे दाते स्वतः धनिक नव्हते. जेमतेम दीड दशकापूर्वी त्यांना त्यांच्याच भूमीतून हुसकावण्यात आले होते. २०१७ मध्ये कॉर्क परगण्यातील मिडलटन येथे या दानाच्या स्मरणार्थ पोलादी पिसांचे शिल्प समारंभपूर्वक अर्पण करण्यात आले. २०२० च्या महामारीत नावाहो आणि होपी या अमेरिकी जमाती संकटात सापडल्या, तेव्हा असंख्य आयरिश नागरिकांनी देणग्या पाठवल्या आणि अनेकांनी त्यासोबत १८४७ च्या ऋणाचा उल्लेख केला. जमाती निराळ्या होत्या, मूळ दाते केव्हाच काळाआड गेले होते आणि कोणी तगादाही लावला नव्हता; तरी १७३ वर्षांपूर्वीचे ते देणे लोकांच्या स्मरणातून पुसले गेले नव्हते.