मुद्दल आणि व्याज

मधाच्या बाटलीत पोळ्याचा तुकडा दिसला, की गिऱ्हाईक खूश होते. अस्सलपणाची ती त्याला पावतीच वाटते. पोळ्याचा तुकडा साखरेच्या पाकातही टाकता येतो, हे त्याच्या मनात येत नाही. हा पोळ्याचा हट्ट आपण सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाईला माझ्या परसात, शेवग्याच्या सावलीत, सातेरी माश्यांच्या दोन पेट्या आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सकाळचा तास तिथेच जातो. रिकामी चौकट लावली, की माश्या एकमेकींचे पाय धरून तिला साखळ्यांसारख्या लोंबकळतात. पाहणाऱ्याला वाटते, बायका नुसत्या बसल्या आहेत. पण त्याच वेळी कामकरी माश्यांच्या पोटाखालच्या आठ ग्रंथींतून मेणाचे पातळ पापुद्रे बाहेर येत असतात. माशी ते पायाने सोडवते, चावून मऊ करते आणि वरच्या पट्टीला चिकटवते. बांधकाम वरून खाली! दोन-तीन ठिकाणी एकदम सुरू झालेले तुकडे वाढत वाढत जुळतात. जुळताना मधली काही घरे वेडीवाकडी होतात, पण पोळे सलग राहते. (सांधे लपवण्याची काळजी आम्हा कादंबरीवाल्यांना.) घरांची तोंडे किंचित वर, म्हणजे मध ओघळत नाही. कमीत कमी मेणात समान आकाराची घरे बांधायची तर षटकोनच हवा, ही अटकळ रोमन पंडित वारो याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात नोंदवली. टॉमस हेल्स यांनी तिची गणिती सिद्धता दिली ती १९९९ साली. माश्या मंजुरीसाठी थांबल्या नव्हत्या.

ही काटकसर कशासाठी? मेण महाग असते म्हणून. किलोभर मेण घडवायला सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो, असा ढोबळ हिशेब आहे. मध काढायच्या यंत्रात चौकट फिरवली, की मध बाहेर पडतो आणि पोळे शाबूत राहते. ते पुन्हा पेटीत ठेवता येते. मध हे व्याज, पोळे हे मुद्दल. पोळे पिळले तर मुद्दल गेलेच. शिवाय त्यात पिले असली तर तीही चिरडली जातात.

शेतीकर्जाच्या टेबलावर बसून मी हप्त्यासाठी बैल विकणारी माणसे पाहिली आहेत. हप्ता फिटायचा, पण पेरणीला बैल भाड्याने आणावे लागायचे. त्यांची निदान लाचारी होती. आपण तर हौसेने माश्यांचे बैल विकायला लावतो.

रानातल्या आग्या मोहोळाला यंत्र लावता येत नाही, हे खरे. पण तिथेही मधाचा भाग तेवढा कापून पिलांचा भाग राखता येतो.

तेव्हा दुकानात पोळ्याचा तुकडा मागू नये. मध यंत्राने काढलेला आहे का, एवढे विचारावे. दुकानदाराला बहुधा सांगता येणार नाही. दहा गिऱ्हाइकांनी विचारले, की तो चौकशी करून ठेवील.