स्थळांची गर्दी आणि वेळेची तजवीज

दिवाळीनंतरच्या हंगामाची पत्रके तयार होण्याचे हे दिवस असून, विजापूर, बदामी, हंपी, बेलूर, श्रवणबेळगोळ असे मुक्काम करीत थेट तंजावर गाठणाऱ्या बस-सहलींचे कार्यक्रम चाळताना आमच्या व्यवसायबंधूंच्या उमेदीचे कौतुक वाटते आणि प्रवाशांची कीवही येते. गाडीचा परवाना, परराज्यांचे कर, आचाऱ्याची भांडीकुंडी, मुक्कामाची आगाऊ रक्कम, या बाबींचा बंदोबस्त आमची मंडळी चोख ठेवतात. तजवीज अपुरी पडते ती वेळेची.

श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढाव्या लागतात. बेलूरला रेंगाळून, जेवण उरकून गाडी तेथे भर दुपारी पोचली, की तापलेल्या कातळावर पाय उचलता-ठेवता वयस्क मंडळी अर्ध्या वाटेतून परततात. आणि चामुंडरायाने दहाव्या शतकात उभारविलेली, जिच्या पायाशी जुन्या मराठीतला लेख आहे ती सुमारे ५७ फुटी एकाश्म मूर्ती त्यांच्यापुरती खालून दिसणाऱ्या मस्तकाएवढीच उरते. तमिळनाडूतील बहुतेक मोठी देवालये दुपारी दर्शनास बंद असतात, हे ठाऊक असूनही तंजावरच्या बृहदीश्वरासाठी साडेअकराचा मुहूर्त छापणारे महाभाग आहेतच. इ.स. १०१० च्या त्या देवालयाच्या आवारात सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा विस्तीर्ण मराठी इतिहास भिंतीवर कोरविला. तो नेमका कोठे आहे हे संचालकालाच माहीत नसेल, तर मराठी माणसाला तंजावरास नेण्यात विशेष ते काय?

या मार्गाची खरी अडचण अशी, की येथे रस्ता आणि कालक्रम यांचा मेळ बसत नाही. प्रवासी प्रथम सतराव्या शतकातला गोलघुमट पाहतो, तेथून एकदम हजारएक वर्षे मागे सरून बदामीच्या शके ५०० मधील लेण्यापुढे उभा राहतो, आणि मग हंपीला येतो, जिचा विध्वंस ज्या १५६५ च्या लढाईनंतर झाला तीत विजापूरचा अली आदिलशहाही होता, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. बदामीजवळच्या पट्टदकलच्या विरूपाक्षाचेच घ्या. दुसऱ्या विक्रमादित्याच्या कांचीवरील विजयाप्रीत्यर्थ राणी लोकमहादेवीने ते मंदिर बांधविले. कांचीच्या कैलासनाथाचा आदर्श त्यापुढे होता, आणि त्याची छाया पुढे वेरूळच्या कैलासावर पडली असे अभ्यासक मानतात. वेरूळ पाहिलेला मराठी प्रवासी हे आधी ऐकून आला असेल तर शिखराकडे, नंदीमंडपाकडे ओळखीच्या नजरेने पाहतो. ज्याच्या कानी ते गेलेले नाही तो ‘आणखी एक देऊळ’ म्हणून सावली शोधत बसतो.

यासाठी प्रस्थानापूर्वीची जी बैठक हल्ली सामानाचे वजन आणि पुढच्या सीटांचे तंटे यांतच संपते, तिच्यातला तासभर नकाशा पुढे ठेवून या इतिहासाला द्यावा, आणि संचालकाने त्यासाठी स्वतः चार पुस्तके वाचावीत. स्थानिक वाटाड्यावर भिस्त ठेवून हे काम भागत नाही. आणि वेळ हवा असेल तर स्थळे गाळण्याचे धैर्य दाखवावे. म्हैसूरजवळची रोषणाईची कारंजी कार्यक्रमातून काढली म्हणून कोणी पैसे परत मागणार नाही. ती संध्याकाळ तंजावरला द्यावी.