शून्य-शून्य बरोबरीचे राजकारण

२५ मार्च २०२५ ची संध्याकाळ. मुळशी तालुक्यातील कोळवण येथे आम्ही भीमजयंतीच्या तयारीच्या बैठकीला गेलो होतो. मंचावर कोण बसणार, फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा आणि कुणाचा लहान, मिरवणुकीत पुढे कोणत्या गटाचा झेंडा, यावर दोन तास काथ्याकूट झाला. निर्णय काहीच झाला नाही. बाहेर ओट्यावर दहा-बारा तरुण एका मोबाईलभोवती कोंडाळे करून बसले होते. शिलाँगमध्ये भारत विरुद्ध बांगलादेश असा आशिया चषकाच्या पात्रता फेरीचा फुटबॉल सामना चालू होता. तोही शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. एक जण वैतागून म्हणाला, "वकीलसाहेब, हे बघण्यापेक्षा झोपलेलं बरं." त्यावर दुसरा म्हणाला, "मग आतली मीटिंग तरी काय वेगळी होती?" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण ते वाक्य आम्हाला चांगलेच झोंबले.

रात्री परतताना आमच्या मनात एकच प्रश्न घोळत होता. सामना कंटाळवाणा का होतो? खेळाडूंना खेळता येत नाही म्हणून? तेवढेच कारण असते तर गल्लीतला सामनाही कुणी उभे राहून पाहिला नसता. गल्लीतल्या पोरांना कुठे खेळता येते? तरीही तिथे जीव खालीवर होतो, कारण हरलो तर आपली गल्ली हरणार असते. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे संघ खेळतात तेव्हा अख्खी पेठ तिथे लोटते. तिथे हाणामाऱ्या होतात, पोलीस केसेस होतात, पुढाऱ्यांच्या नावाच्या बक्षिसांची चढाओढ असते. त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण तालीम पेठेची असते, हे खरे. ती उद्या उठून दुसऱ्या शहरात जाणार नाही.

पुण्याचे काय झाले ते पाहा. आमच्याच मुळशी तालुक्याच्या वेशीवर, म्हाळुंगे-बालेवाडीत, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले. पुढे तिथे मोठे फुटबॉल आले. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आलेला पुणे एफसी काही वर्षांतच बंद पडला. भारत एफसी नावाचा संघ एक मोसम खेळून गायब झाला. डीएसके शिवाजीयन्सने २०१७ मध्ये लीग सोडली. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ टिकला. मग त्याची जागा हैदराबादला गेली आणि २०२५ मध्ये हैदराबादचा तो संघ दिल्लीला गेला. ओट्यावर बसलेल्या त्या तरुणांपैकी काही जण शाळेत असताना नारंगी टी-शर्ट घालून बालेवाडीला गेले होते. आपला संघ गेला हे त्यांना बातमीतून कळले. त्यांना कुणी विचारले नाही, कारण विचारण्याची गरजच नव्हती. कायद्याच्या भाषेत ते ग्राहक होते, सभासद नव्हते. ग्राहकाच्या हातात तिकीट असते, मत नसते.

आणि लीग तरी कशी? २०१४ ला सुरू झालेल्या या सुपर लीगमध्ये पैसे भरून जागा विकत घ्यायची. खालच्या लीगमधून जिंकून वर येण्याची वाट २०२३ मध्ये प्रथम उघडली. शेवटचा आला म्हणून खाली जाण्याची पाळी तर पहिल्या अकरा मोसमांत एकाही संघावर आली नाही. जिथे शेवटच्या क्रमांकाला शिक्षा नाही आणि खालच्याला वर चढायची सोय नाही, तिथे मोसमाच्या शेवटचे सामने जीव तोडून कोण खेळणार?

आंबेडकरी वाचकाला ही रचना ओळखीची वाटली पाहिजे. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या, पण जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. ज्याने ज्या मजल्यावर जन्मावे त्याने त्याच मजल्यावर मरावे. वरचा कितीही नालायक असो, तो खाली येणार नाही. खालचा कितीही लायक असो, तो वर जाणार नाही. आम्ही फुटबॉलच्या लीगला जातिव्यवस्था म्हणत नाही. तसे म्हणणे आमच्या बापजाद्यांच्या यातनांची थट्टा ठरेल. पण जिना काढून घेतला की काय होते, ते दोन्हीकडे सारखेच आहे. वरच्याला मेहनत करावी लागत नाही आणि खालच्याची मेहनत वाया जाते.

आता राजकारणाच्या मैदानाकडे वळू. संविधानाचे कलम २४३-ई सांगते की पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही. आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. महाराष्ट्रात काय घडले? पुण्यासह बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात आहे, प्रभागरचनेचा वाद आहे, असे म्हणत तीन वर्षे उलटली तरी निवडणुका नाहीत. ओबीसी बांधवांना आरक्षण मिळालेच पाहिजे, ही आमची भूमिका आहे. पण त्यांच्या हक्काचा वाद पुढे करून सर्वांचेच मत गोठवून ठेवणे हा कोणता न्याय? अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. त्या काळात कोळवण खोऱ्यातल्या माणसाने रस्त्याचे, पाण्याचे गाऱ्हाणे जिल्हा परिषदेतल्या कोणत्या सदस्याकडे न्यायचे? सदस्यच नव्हता. प्रशासक होता. मैदानाला कुलूप लावून तिकिटाचे पैसे मात्र वसूल करण्याचा हा प्रकार होता.

निवडणुका आल्या तर त्याही कशा? जानेवारी २०२६ च्या महानगरपालिका निवडणुकांत राज्यभर मतदानापूर्वीच साठांहून अधिक उमेदवार बिनविरोध निवडून आले आणि त्यांतले बहुतेक सत्ताधारी आघाडीचे होते. समोरचा संघ मैदानात उतरलाच नाही आणि पंचांनी विजय जाहीर केला. त्या जागांसाठी मतदाराला मत देताच आले नाही.

या दोन मैदानांवरचे खेळाडूही अनेकदा एकच असतात, हे विसरू नये. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपद २००९ पासून महाराष्ट्रातले नेते प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होते. २०२० च्या अखेरीस त्यांची मुदत संपली, तरी नवी निवडणूक झाली नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कार्यकारिणी दूर करून प्रशासक समिती नेमली. त्यावर फिफाने बाहेरचा हस्तक्षेप म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये भारताला निलंबित केले. अकरा दिवसांत ते निलंबन उठले. महासंघाच्या नव्या घटनेला न्यायालयाची मान्यता मिळायला १९ सप्टेंबर २०२५ उजाडले. त्या घटनेत माजी खेळाडूंना सर्वसाधारण सभेत मताचा अधिकार मिळाला. आमच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे. पण पाहणाऱ्याला तिथेही मत नाही.

पाहणाऱ्याची किंमत काय, ते १३ डिसेंबर २०२५ रोजी कोलकात्यात दिसले. मेस्सीला पाहण्यासाठी लोकांनी हजारो रुपये मोजले. मेस्सी आला, तर पुढारी, त्यांचे नातलग आणि फोटोवाले यांनी त्याला असे घेरले की लोकांना तो दिसलाच नाही. थोड्याच वेळात तो निघून गेला. लोकांनी बाटल्या फेकल्या, खुर्च्या मोडल्या; आयोजकाला अटक झाली. खुर्च्या मोडणे चुकीचेच. पण वाचकहो, प्रामाणिकपणे सांगा, आमच्या जयंतीच्या मंचावर याहून वेगळे काय दिसते? पुतळ्याभोवती एवढी गर्दी असते की हार घेऊन आलेल्या म्हाताऱ्या आईला बाबासाहेब दिसत नाहीत.

इथे आम्हाला आमच्याच घरात डोकवावे लागते. पुणे करार याच जिल्ह्यात, येरवड्याच्या तुरुंगात, २४ सप्टेंबर १९३२ रोजी झाला. जातीय निवाड्यातल्या ७१ जागांच्या ऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ जागा मिळाल्या. गेला तो स्वतंत्र मतदारसंघ. जागा वाढल्या, पण आपला प्रतिनिधी आपल्याच मतांवर निवडून येण्याचा आणि आपल्यालाच जाब देण्याचा हक्क हातचा सुटला. तेव्हापासून आमच्या रंगाचा सदरा घालणारा खेळाडू दुसऱ्याच मालकाच्या करारावर मैदानात उतरतो. तो गोल करीत नाही म्हणून आम्ही चिडतो. पण गोल करू नको असे त्याला कुणी सांगितले आहे, ते विचारत नाही.

हा दोष बाहेरचा झाला. आतला दोष कुणाचा? ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांच्या आत फुटला. तरीही या चळवळीत दम होता. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हा लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या सत्याग्रहात प्रेक्षक कुणीच नव्हता. १९९८ मध्ये एकत्र लढल्यावर रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार सर्वसाधारण जागांवरून लोकसभेत गेले. पुढे पुन्हा गट, पुन्हा ऐक्याच्या बैठका, पुन्हा फूट. आज किती गटांचे अध्यक्ष निवडून आलेले आहेत आणि किती तहहयात आहेत? कोणत्या गटाकडे सभासदांची खरी यादी आहे? हरलेला नेता खाली उतरत नाही आणि काम करणारा कार्यकर्ता वर चढत नाही, तेव्हा जिना नसलेला मनोरा आम्हीच बांधत असतो. बाबासाहेबांनी तर १९५६ मध्ये मुंबईत राजकारणाचे शिक्षण देणारे विद्यालय सुरू केले होते. शरीर थकले असताना, हातात काही महिने उरले असताना त्यांनी जिना बांधायला घेतला.

प्रेक्षकांना काही करता येत नाही, हे खरे नाही. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी स्वतःसाठी जवळजवळ बंद असलेली सुपर लीग जाहीर केली. इंग्लंडमध्ये समर्थक आपल्याच क्लबाच्या दारात निषेधाला उभे राहिले आणि दोन दिवसांत इंग्लंडच्या सहाही क्लबांनी माघार घेतली. जर्मनीत काही अपवाद सोडले तर क्लबातली निम्म्याहून अधिक मते सभासदांची असतात. तिथे लीगच्या व्यवहारात बाहेरचा गुंतवणूकदार आणायचे ठरले, तेव्हा समर्थकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामन्यामागून सामना थांबवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बेत रद्द झाला. कंटाळलेले लोक तिथेही होते. फरक एवढाच की त्यांनी चॅनेल बदलले नाही, संघटना केली.

मग आम्ही काय करावे? वकील म्हणून सांगतो, सुरुवात साध्या कागदापासून होते. आपली बहुतेक मंडळे, विहार समित्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. किती मंडळांनी गेल्या दहा वर्षांत तो दिला? काही ठिकाणी रजिस्टरवर अजून परिनिर्वाण पावलेल्या माणसांची नावे आहेत आणि कारभार तिसराच पाहतो. सभासदांची यादी करा. दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्या, हिशेब भिंतीवर लावा. पदाला मुदत ठरवा. अठरा वर्षे पुरी झालेल्या प्रत्येक मुलामुलीला सभासद करून घ्या. ग्रामसभेला जा आणि ठराव लेखी मागा. हे सगळे रटाळ वाटेल. पण मत हातात असले की रटाळ सभासुद्धा लक्ष देऊन ऐकली जाते.

कोळवणच्या त्या तरुणांना पुढच्या बैठकीत आम्ही ओट्यावरून आत बोलावले. जमाखर्चाची वही त्यांच्यातल्या एका मुलीकडे द्यावी, असे सुचवले. ज्येष्ठांपैकी दोघे उठून गेले. उरलेल्यांत तासभर भांडण झाले. आवाज चढले, जुने हिशेब निघाले, मागच्या वर्षीच्या वर्गणीची विचारणा झाली. शेवटी हात वर करून मतदान झाले आणि वही तिच्याकडे गेली. त्या संध्याकाळी कुणीही मोबाईल काढला नाही.

तरुणांना राजकारणाचा कंटाळा आला आहे, अशी तक्रार आमचे नेते व्यासपीठावरून करतात. नेतेहो, त्यांना कंटाळा आला आहे तो तुमच्या बरोबरीसाठी खेळण्याचा. त्यांना सभासद करा, मत द्या, हरण्याची आणि जिंकण्याची संधी द्या. नाहीतर ते उठून जातील. आणि तरुणांनो, बोलावण्याची वाट पाहू नका. यादीत आपले नाव आहे की नाही, ते आजच जाऊन पाहा. जयभीम!