अर्धा मीटर मॅटी आणि १८ टक्के

या महिन्याच्या टपालात कसुती भरतकाम शिकवणाऱ्यांची पत्रं जास्त आली आणि बहुतेकींचं गाऱ्हाणं एकच आहे: किट. विद्यार्थी मिळत नाहीत अशी तक्रार कुणाचीच नाही. इचलकरंजीच्या एका सभासद ताईंनी तर निपाणी आणि चिकोडीच्या मुलींना ऑनलाइन वर्गात घेणंच बंद केलं आहे. त्यांच्या करसल्लागाराने बजावलं, ‘शिकवायचं तर खुशाल शिकवा, पण कापड-दोरा पाठवू नका. गोंदियाला पाठवा, गडचिरोलीला पाठवा, निपाणीला नको.’ इचलकरंजीहून निपाणी सकाळी जाऊन जेवायला घरी येण्याइतकी जवळ आहे. पण मध्ये राज्याची हद्द येते.

कसुती मुळात धारवाडकडची. भौगोलिक मानांकनही कर्नाटकाचंच. इरकलीच्या पदरावरची गोपुरं, रथ, तुळशीवृंदावनं कोल्हापूर-सांगली-सोलापूरच्या घराघरांत पोचली ती लग्नसंबंधांतून आणि बाजारांतून. तेव्हा कुणी पावती मागितली नव्हती. आज इकडे शिकलेली बाई तिकडच्या मुलीला तिकडचीच कला परत शिकवू पाहते, तर अर्धा मीटर मॅटी कापड, दोऱ्याच्या चार लड्या आणि बोथट टोकाच्या दोन सुया हा ‘आंतरराज्य मालपुरवठा’ होतो.

करसल्लागाराला दोष देण्यात अर्थ नाही. तो कायद्याला धरूनच बोलतो आहे. वस्तू आणि सेवा कर कायद्याच्या कलम २४ प्रमाणे परराज्यात करपात्र पुरवठा करणाऱ्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची आहे. त्यातून सेवा देणाऱ्यांना २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये अधिसूचना १०/२०१७ ने सोडवलं: उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर परराज्यात शिकवा, नोंदणी नको. हस्तकलेच्या वस्तूंनाही अशीच सवलत आहे. २०१८ ची अधिसूचना ३/२०१८ आपल्यापैकी अनेकींनी फ्रेम करून लावावी इतकी उपयोगाची आहे. म्हणजे आपण शिकवलेलं हद्दीपलीकडे जाऊ शकतं आणि आपण भरलेली साडीही जाऊ शकते. अडतं ते फक्त न भरलेलं कापड. ते सेवा नाही, आणि त्यावर अजून टाका पडलेला नाही म्हणून हस्तकलाही नाही. त्याच मॅटीवर ताईंनी स्वतः गवंती टाक्याच्या चार ओळी घालून पाठवली आणि ती त्या अधिसूचनेच्या यादीतल्या वस्तूंत बसली, तर सवलतीचा विचार तरी होईल. कोरी पाठवली की त्या व्यापारी ठरतात.

आणि प्रश्न किटावरच्या कराचा नाहीच, हे पत्र लिहिणाऱ्या अर्ध्याजणींच्या लक्षात आलेलं दिसत नाही. एकदा नोंदणी झाली की करमाफीत न बसणारं सगळं उत्पन्न करपात्र. समजा, एका हंगामात ४० विद्यार्थिनी आहेत, फी २,५०० रुपये. एक लाख जमले. त्यांतल्या दोघी निपाणीच्या; त्यांना ३५० रुपयांची दोन किटं पाठवली. शिकवणी करमाफीत बसली नाही, तर या ७०० रुपयांच्या कापड-दोऱ्यापायी लाखाच्या फीवर १८ टक्के, म्हणजे १८,००० रुपये, शिवाय विवरणपत्रं, शिवाय ती उशिरा भरल्याचं रोजचं शुल्क. आपल्या विद्यार्थिनी कंपन्या नाहीत, त्यांना या कराचा परतावा मिळत नाही. मग फी वाढवा किंवा पदरचे भरा. परराज्यात माल पाठवणाऱ्याला कंपोझिशन योजनेचीही सोय नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये हस्तकलेच्या बऱ्याच वस्तूंचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा आपल्यातल्या काहीजणींनी पेढे वाटले. विकणाऱ्यांना आनंद झाला, तो रास्तच होता. शिकवणीचा दर होता तिथेच आहे.

अधिकाऱ्यांना भेटलं की दोन उत्तरं ठरलेली. पहिलं असं की नोंदणी आता सोपी झाली आहे, तीन दिवसांत मिळते. साहेब, नोंदणी मिळत नाही अशी तक्रार केलीय कुणी? ती लागते, ही तक्रार आहे. दुसरं उत्तर एका सभासदाला एका कार्यालयात मिळालं: किट पाठवताच कशाला, विद्यार्थिनींना बाजारातून कापड घ्यायला सांगा.

हे दुसरं उत्तर देणाऱ्याने एकदा आपल्या वर्गाला बसावं. कसुतीत नक्षी छापत नाहीत, उभे-आडवे धागे मोजत जायचं. धागे दिसले नाहीत किंवा दोन्हीकडे सारखे नसले तर हात कितीही चांगला असो, नक्षी बिघडणारच. दुकानात ‘भरतकामाचं कापड द्या’ म्हटलं की मुलीच्या हातात पॉपलिन पडतं, नाहीतर उभ्यात घट्ट आणि आडव्यात सैल विणलेली स्वस्त मॅटी. त्यावर तिने दहा घरं आडवी आणि दहा घरं उभी मोजून चौकट काढली की चौकट लांबट निघते. तिसऱ्या आठवड्यात रथ घेतला की चाकं अंड्यासारखी, आणि गोपुर असं ताणलेलं की कळस कुठे सुरू झाला तेही कळू नये. मुलगी म्हणते माझं चुकलं. बाई पडद्यावरून म्हणतात, कॅमेऱ्याजवळ धर, पुन्हा मोज. दोघींचा तास जातो. समोरासमोरच्या वर्गात बाई कापडाला हात लावताच सांगतील, हे टाकून दे. ऑनलाइन वर्गात तो हात नाही, म्हणून पारखून घेतलेलं कापड आधी पाठवावं लागतं. चिकनकारी शिकवणाऱ्यांचीही तीच गत: ठशांनी छापलेली मलमल विद्यार्थिनीने आणायची कुठून? तिच्या घरी लाकडी ठसे नसतात. फुलकारीला मोजता येईल असं खद्दर लागतं. वर्ग पडद्यावर गेल्यापासून किट हे विक्रीचं साधन राहिलेलं नाही, ते शिकवण्याचं साधन आहे. आपली सगळी बाजू या एका वाक्यात मावते.

कायद्याला ही बाजू अगदीच परकी नाही. दोन गोष्टी स्वाभाविकपणे जोडीने दिल्या जात असतील आणि त्यांत एक मुख्य असेल, तर तो ‘संमिश्र पुरवठा’ आणि त्याला मुख्य गोष्टीचा नियम. शिकवणी मुख्य, किट तिच्या अनुषंगाने. मग सगळं सेवेत धरून २० लाखांची सवलत मिळायला हवी, असं काही सल्लागार म्हणतात. काही म्हणतात, किट वेगळं विकत मिळतं, वेगळी किंमत आहे, म्हणजे तो माल. अधिकृत उत्तर हवं तर आगाऊ निर्णय मागायचा. त्याचं शुल्क केंद्राचं ५,००० आणि राज्याचं ५,०००. ते भरून एखादीने निर्णय आपल्या बाजूने मिळवला, तरी तो तिच्यापुरताच आणि तिच्या अधिकाऱ्यापुरता बंधनकारक. शेजारच्या गल्लीत हेच किट विकणाऱ्या बाईंनी पुन्हा १०,००० भरायचे. आपल्याकडे हंगामाची निव्वळ कमाई तेवढी नसलेल्या कितीजणी आहेत, हे दिल्लीत कुणाला सांगायचं?

म्हणून आपली मागणी सरळ आहे. ३/२०१८ च्या यादीत, किंवा १०/२०१७ च्या सवलतीत, हस्तकला शिकण्यासाठी लागणाऱ्या साहित्यसंचाचा उल्लेख यावा, किमतीची वाजवी मर्यादा घालून. मर्यादा हवी, हे आम्हीही मानतो. नाहीतर ‘शिकवणी’च्या नावाखाली साड्यांचे गठ्ठे जातील आणि आपलाच दरवाजा बंद होईल. दुरुस्ती अधिसूचनेच्या दोन ओळींचं काम आहे. जीएसटी परिषदेपुढे याहून किरकोळ गोष्टी जाऊन आल्या आहेत.

आता थोडं आपल्या माणसांबद्दल. पार्सलावर ‘जुने कपडे’ किंवा ‘भेटवस्तू’ लिहून किट पाठवण्याची युक्ती काहीजणींनी शोधली आहे आणि ती एकमेकींना सांगितलीही जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढली आणि आपल्या टपाल खात्याने ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिकडची पार्सलं थांबवली. तेव्हापासून न्यू जर्सीच्या मराठी मुलींसाठी ही युक्ती आणखी फोफावली. यातून एकेकीचं भागत असेल. पण उद्या आपण निवेदन घेऊन गेलो आणि समोरच्याने विचारलं, ‘किटं जातात तरी किती?’, तर कागदावर उत्तर शून्य. सगळीकडे जुनेच कपडे चाललेत.

त्याहून मोठा घोळ वर्गातच आहे. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, एक नक्षीचा तक्ता आणि किट, अशी पेटी विकायची आणि शेवटी सुलट्या बाजूचा एक फोटो मागवून प्रमाणपत्र द्यायचं, अशा वर्गांच्या जाहिराती आमच्याकडे दर महिन्याला येतात. यापुढे आम्ही त्या छापणार नाही. त्यात शिकवणी मुख्य कशी म्हणायची? ती कापडाचीच विक्री आहे, सोबत चित्रफीत फुकट. अधिकाऱ्याने तसं म्हटलं तर त्याला खोडायला आपल्याकडे काय आहे?

कसुतीची परीक्षा उलट्या बाजूला होते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. गवंतीत जाताना एक घर सोडून एक, येताना राहिलेली घरं, गाठ नाही, दोन्ही अंगं सारखी. मुर्गीच्या पायऱ्यांचं तसंच. पण फाट्यावर कुठे वळायचं हे मुलीला कळलं नाही की ती काय करते? पुढची बाजू कशीबशी पुरी करते आणि मागून दोरा तिरका ओढून पलीकडच्या कोपऱ्यात नेते. फोटोत मोर सुरेख दिसतो. कापड उलटं केलं तर पिसाऱ्यामागे जाळं आणि मानेशी गाठ, तीही दुहेरी. अशा मोराला आपण ‘उत्तम’ शेरा देऊन पाठवतो. नेगी टाक्यात दोन्ही बाजू सारख्या नसतात हे मान्य, पण तिथेही मोकळे सोडलेले लांब दोरे दिसतातच. चिकनकारीचा उलटा बखिया टाका तर उलटीकडूनच भरायचा. उलट बाजू न बघता त्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या बाई नेमकं काय तपासतात, हे आम्हांला एकदा समजून घ्यायचं आहे.

काम अवघड नाही. दर तासाला दहा मिनिटं फक्त मागच्या बाजूसाठी ठेवा. दोऱ्याची टोकं कापण्याआधी दोन्ही अंगांचे फोटो मागवा, दिवसाउजेडी, फ्रेममधून काढून. फाट्यावर मुलगी चुकली तर तोंडी सांगू नका. तिच्याकडून दोरा उसवून घ्या आणि तिच्यासमोर तोच फाटा तुम्ही स्वतः भरून दाखवा, कॅमेरा कापडाच्या खालून लावून. तीस मुलींच्या तुकडीत हे होत नाही, ही सबब आम्हांला पाठ आहे. मग तुकडी बाराची करा.

किटांच्या सवलतीसाठीचं निवेदन पुढच्या महिन्यात जाईल. त्यासाठी तीन गोष्टी १५ तारखेपर्यंत हव्यात: गेल्या वर्षी परराज्यात पाठवलेल्या किटांची खरी संख्या आणि किंमत, तुम्ही देता त्या पावतीची प्रत (फी आणि किट एकत्र दाखवता की वेगळं, हे त्यावरून कळतं), आणि हद्दीपलीकडच्या किती विद्यार्थिनींना नाही म्हणावं लागलं तो आकडा. नावं छापणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. मागच्या खेपेला माहिती मागवायला तक्ता छापला तेव्हा ‘आमचं काही अडलेलं नाही’ असं फोनवर सांगून बऱ्याचजणी मोकळ्या झाल्या. या वेळी तेही लिहून कळवा. खरंच न अडलेल्यांचा आकडाही आम्हांला जोडायचा आहे.