एमओटीचा खर्च कशात मोजायचा?

ऑक्युपेशनल थेरपीची (ओटी) इंटर्नशिप संपत आली की आपल्या उपनगरांतल्या क्लिनिकांमध्ये दरवर्षी एमओटीचा, म्हणजे ओटीतल्या पदव्युत्तर शिक्षणाचा, प्रश्न येतो. घाटकोपर असो, मुलुंड असो, अंधेरी किंवा बोरिवली, संध्याकाळचं शेवटचं मूल आईचं बोट धरून बाहेर पडतं, ज्युनिअर स्विंग खाली उतरवत असते, आणि हळूच विचारते, "मॅडम, एमओटी कुठून करू? घरच्यांना झेपेल असं सांगा." पहिल्या वाक्याला आपण झटकन उत्तर देतो, बहुतेक वेळा आपल्याच कॉलेजचं नाव सांगून. मीही कित्येक वर्षं तेच केलं. दुसऱ्या वाक्याशी मात्र कुणी थांबत नाही. या अंकाच्या निमित्तानं तिथेच थांबावं असं वाटतं.

आधी साधं गणित. एखाद्या मुलीनं फी आणि राहण्याखाण्यासाठी 10 लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी घेतलं आणि ते 7 वर्षांत फेडायचं ठरवलं, तर महिन्याचा हप्ता साधारण 17 हजार 100 रुपये बसतो. एकूण परतफेड 14 लाख 38 हजारांच्या घरात जाते. शिक्षण चालू असतानाचं व्याज यात धरलेलं नाही, ते वेगळं. महिन्याचे 26 दिवस काम धरलं तरी रोजचे साडेसहाशे रुपये निघतात. म्हणजे सात वर्षं रोजच्या कमाईतले पहिले पैसे बँकेचे. हा आकडा आपल्या क्लिनिकमध्ये आपण ज्युनिअरला देतो त्या पगाराशेजारी मांडून पाहा. आपल्यापैकी किती जणांना तो हिशेब तिच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगता येईल?

हप्त्याचं ओझं फक्त तिच्यावर पडत नाही. कर्ज डोक्यावर असलेली थेरपिस्ट होम व्हिजिट घेते ती लिफ्टच्या इमारतींत. भटवाडीच्या चढावरच्या खोलीत अर्धांगवायू झालेले काका वाट पाहत राहतात. यात तिचा दोष नाही. पण आपल्या व्यवसायाची सुरुवात कुठून झाली हे आठवलं की ही गोष्ट मला बोचते. भारतातलं ओटीचं पहिलं प्रशिक्षण 1950 मध्ये सुरू झालं ते परळला, गिरणगावाच्या मधोमध, पालिकेच्या केईएम रुग्णालयात. ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. इथे संसार थाटल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर, त्या फिलाडेल्फियाला जाऊन ओटी शिकल्या आणि ते शिक्षण परळला घेऊन आल्या. 1952 मध्ये आपली अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक सदस्य देशांत भारत होता. फलटणची कमला निंबकर बालभवन शाळा मराठी वाचकांना ठाऊक असते. ज्यांचं नाव तिला दिलंय त्या आपल्या पहिल्या शिक्षिका, हे मात्र आपल्याच विद्यार्थ्यांना सांगावं लागतं.

म्हणून केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या तीन रुग्णालयांतल्या जागांना मी या धंद्याचं माहेर मानते. तिथला मोठा लाभ कमी फी हा नाहीच. तिथल्या ओपीडीत सकाळी आठला लागलेली रांग हा आहे. हाताची नस कापलेला कारागीर, पक्षाघातानंतर चमचा धरू न शकणारी आजी, सेरेब्रल पाल्सीचं मूल कडेवर घेऊन बाहेरगावहून रात्रभर प्रवास करून आलेली आई, हे सगळे एकाच दिवशी भेटतात. स्प्लिंट स्वतःच्या हातानं तापवून, कापून, बसवून, परत सोडवून शिकायचं तर अशीच गर्दी लागते. माझ्याकडे काम करणारी एक मुलगी मोठी फी भरून एका खाजगी संस्थेतून एमओटी करून आली. इमारत सुंदर, यंत्रं नवी कोरी, पण हँडचे रुग्ण तिनं महिन्याला बोटांवर मोजण्याइतके पाहिले होते. पहिले सहा महिने ती माझ्याकडे पुन्हा शिकली. ते सहा महिने तिच्या फीच्या पावतीत कुठेच नव्हते.

तेव्हा कॉलेज बघायला जाणाऱ्या मुलीला मी आता सांगते, आधी ओपीडीत जाऊन एक सकाळ बस. रुग्ण मोज. मग सीनिअर विद्यार्थ्यांना विचार की गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात, डिझर्टेशनसाठी रुग्ण मिळाले का, स्टायपेंड आहे का, आणि असला तर वेळेवर येतो का. ज्या शाखेत पुढे काम करायचंय, न्यूरो, पेडिअ‍ॅट्रिक्स की मानसिक आरोग्य, त्या शाखेचा गाइड तिथे आहे ना, हे आधी बघ.

रेल्वेही हिशेबात धरावी. मुलुंड-घाटकोपरच्या मुलीला सायन किंवा परळ एकाच स्लो लोकलमध्ये मिळतं. बोरिवलीहून दादरला उतरून पुढे जाता येतं, आणि नायरसाठी मुंबई सेंट्रल थेट आहे. दमणूक आहे, पण घरचा डबा आणि घरचं छप्पर हीसुद्धा एक शिष्यवृत्तीच आहे. नागपूरच्या शासकीय महाविद्यालयाचा, कटकजवळच्या ओलाटपूरच्या किंवा कोलकात्याच्या राष्ट्रीय संस्थेचा विचार करताना फीसोबत वसतिगृह आणि मेसचा खर्च मांडावा. तरीही अनेकदा ते जवळच्या महागड्या जागेपेक्षा स्वस्त पडतं. बाहेरच्या राज्यातून पदवी घेतली तर इथे काम करण्याआधी महाराष्ट्राच्या ओटी-पीटी परिषदेची नोंदणी लागतेच.

सरकारी सवलतींबद्दल थोडक्यात. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींसाठी 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ करण्याचा राज्याचा निर्णय आहे. तो कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) घेतलेल्या प्रवेशांना आहे, खाजगी अभिमत विद्यापीठांना नाही. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे कॉलेजकडून प्रवेशाआधी लेखी घ्यावं. महाडीबीटीवरच्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीचंही तसंच. पैसे भरल्यावर विचारलेल्या प्रश्नाला काउंटरवर कुणी उत्तर देत नाही.

परदेशाचं वेड वाढतंय. अमेरिकेत प्रवेशपातळीलाच पदव्युत्तर शिक्षण 2007 पासून सक्तीचं आहे. पुढे 2027 पासून डॉक्टरेट सक्तीची होणार अशी घोषणा 2017 मध्ये झाली. ती 2019 मध्ये मागे पडली आणि मास्टर्स व डॉक्टरेट दोन्ही वाटा खुल्या राहिल्या. एजंट मात्र जुनी भीती अजून विकतात. त्या भीतीपोटी डॉलरचं जास्तीचं कर्ज काढू नका, हे सांगायला आपल्यासारखे लोकच हवेत.

मला पालिकेकडे एक मागणी करायची आहे. उपनगरांत राजावाडी आहे, कूपर आहे, कांदिवलीचं शताब्दी आहे. रुग्ण तिथे राहतात, आणि पालिकेची ओटीची तिन्ही कॉलेजं शहरात. या रुग्णालयांत एमओटीच्या विद्यार्थ्यांच्या नियमित पोस्टिंग ठेवल्या, तर बोरिवलीच्या मुलीचा प्रवास आणि बोरिवलीच्या रुग्णाचा प्रवास दोन्ही वाचतील. आपल्या क्लिनिकांनीही वाटा उचलावा. एमओटी करणाऱ्या मुलीला शनिवार-रविवारचं काम पूर्ण मोबदल्यात द्यावं, "अनुभव मिळतोय ना" म्हणून अर्ध्यात नव्हे.

येत्या शनिवारी मुलुंडची एक ज्युनिअर वडिलांना घेऊन येणार आहे. ते रिक्षा चालवतात. मी कॅल्क्युलेटर काढून ठेवलाय आणि सायनच्या ओपीडीची वेळ कागदावर लिहिली आहे. सोमवारी ती दोघं तिथे जाऊन बसणार आहेत.