फिरते घर स्वस्त की मुक्कामाची खोली? एका कॅम्परचा हिशोब

आमचा एक भाचा गेली चौदा वर्षे अमेरिकेत शिकागोजवळ राहतो. नोकरी चांगली, घर स्वतःचे, दोन मुले शाळेत. घरगुती गोष्टी तो आईशी बोलतो, परंतु पैशाची गोष्ट असली की मामूंना फोन येतो. मागे असाच फोन आला. म्हणाला, “मामू, कॅम्पर घ्यायचा विचार आहे. दरवर्षी हॉटेलांना पैसे देण्यापेक्षा एकदा गाडी घेतली की सुट्ट्या जवळजवळ फुकट. तुम्ही व्यापारी आहात, हिशोब करून सांगा.”

आम्ही कापडाचे व्यापारी. कॅम्परमध्ये आम्ही कधी पाऊलही ठेवलेले नाही. मात्र आकडे त्याने दिले आणि वही आमची होती. जो हिशोब निघाला तो वाचकांपुढे ठेवण्याचे कारण इतकेच की, यात जी चूक होते ती कॅम्परपुरती नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी ती टेम्पोत, दुकानात नाही तर घरात केलेली आहे.

कॅम्पर म्हणजे काय ते आधी सांगतो. मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली एक लहानशी खोलीच. तीत झोपायची जागा, गॅसची शेगडी, फ्रिज, संडास, पाण्याच्या टाक्या सारे असते. एका प्रकाराला स्वतःचे इंजिन असते, दुसरा आपल्या गाडीमागे जोडून ओढायचा. अमेरिकेत राष्ट्रीय उद्याने मोठी, अंतरे फार, आणि मुक्कामासाठी ठिकठिकाणी वीज-पाण्याची सोय असलेले तळ. त्यामुळे तेथे ही वस्तू शोभेची नव्हे, वापराची आहे.

भाच्याची बाजू

भाच्याची बाजू पोकळ नव्हती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तो म्हणतो, यलोस्टोनच्या वाटेवर शेकडो मैल हलाल जेवण मिळत नाही. मुलांना चार दिवस ब्रेड, अंडी आणि मासे खाऊन काढावे लागतात. स्वतःचे स्वयंपाकघर बरोबर असले तर घरचे अन्न मिळते. वजू करायला पाणी, नमाजला स्वच्छ जागा, लहान मुलीला रात्री संडासाची सोय. शिवाय हॉटेलला दिलेले पैसे गेले ते गेले. गाडी मात्र दारात उरते.

विक्रेत्याने त्यास आणखीही काही सांगितले होते. झोपणे, स्वयंपाक व संडास या तीन सोयी असलेले वाहन अमेरिकी करकायद्यात दुसरे घर म्हणून धरता येते व त्याच्या कर्जावरील व्याजाची वजावट मिळू शकते. गोष्ट खरी आहे. पण ही वजावट जो एकेक खर्च वेगळा दाखवून विवरण भरतो त्यालाच मिळते. २०१८ पासून तेथील ठोक वजावट इतकी वाढली आहे की बहुसंख्य पगारदार तिकडे वळतच नाहीत. आमचा भाचाही वळत नाही. म्हणजे हा फायदा विक्रेत्याच्या तोंडी होता, भाच्याच्या खिशात नव्हता.

एक अहवालही दाखविण्यात आला. सीबीआरई या संस्थेने २०१८ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार चौघांच्या कुटुंबाची कॅम्परमुळे २१ ते ६४ टक्के बचत होते. अभ्यास खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तो कॅम्पर उद्योगाच्या संघटनेसाठी झालेला आहे. कापड घेताना गज विक्रेत्याचा असेल तर गिऱ्हाइकाने घरी जाऊन एकदा आपल्या गजाने मोजावे. आम्ही तेच केले.

वहीतला हिशोब

गाडी तीन वर्षे वापरलेली. किंमत ६०,००० डॉलर. त्यांपैकी १०,००० रोख आणि ५०,००० कर्ज, ८ टक्के व्याजाने, १५ वर्षांसाठी. हप्ता महिना ४७८ डॉलर. विक्रेता हप्त्याचा आकडा सांगतो, बेरीज सांगत नाही. १५ वर्षांचे सारे हप्ते मिळून ८६,००० होतात, म्हणजे व्याजच ३६,००० डॉलर. व्याज घ्यावे-द्यावे की नाही हा दीनचा प्रश्न आहे आणि तो त्याने आलिमांना विचारावा, असे आम्ही सांगितले. येथे फक्त वहीतील आकडा मांडला आहे.

आता वर्षाचा खर्च. पाच वर्षांनी ही गाडी ३५,००० ला जाईल असे धरले तर घसारा दरसाल ५,०००. व्याज पहिल्या पाच वर्षांच्या सरासरीने ३,६००. विमा १,२००. त्याच्या वसाहतीत घरापुढे असे वाहन उभे करू देत नाहीत, म्हणून गोदामाचे भाडे महिना १०० प्रमाणे १,२००. नोंदणी, टायर, दुरुस्ती आणि थंडीपूर्वी नळातील पाणी काढून न गोठणारे द्रव भरण्याची मजुरी मिळून १,८००. एकूण १२,८०० डॉलर. गाडीचे चाक एकदाही न फिरता हा खर्च उभा राहतो.

गाडी निघाल्यावर तळाचे भाडे रात्री ५० आणि घरच्या स्वयंपाकाचा शिधा ४०. पेट्रोल वेगळे. अशी गाडी लिटरला जेमतेम सव्वाचार किलोमीटर जाते, तर त्याची हल्लीची मोटार साडेदहा. वर्षाला ३,००० मैल आणि गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर जादा पेट्रोल सुमारे ६३०, म्हणजे १६ रात्रींवर वाटल्यास रात्री ४०. मिळून रात्रीचा खर्च १३०.

आपल्या मोटारीने जाऊन साध्या मोटेलात राहिले तर खोली १५० आणि चौघांचे बाहेरचे जेवण १३०, एकूण २८०. तेव्हा कॅम्परमुळे दर रात्री १५० डॉलर वाचतात हे खरे. परंतु ते १२,८०० भरून निघायला वर्षातून ८५ रात्री बाहेर काढाव्या लागतील.

आम्ही भाच्याला एवढेच विचारले, “बेटा, तुला रजा किती?” उत्तर आले, “पंधरा दिवस.” शनिवार-रविवार जोडून आणि शाळेच्या तारखा सांभाळून फार तर १६ रात्री. त्यातही शिकागोची थंडी नोव्हेंबर ते एप्रिल गाडी गोदामातच ठेवायला लावणार.

मग १६ रात्रींचा वर्षाचा हिशोब असा येतो. मोटेल ४,४८०. तीच गाडी रात्री २७५ प्रमाणे भाड्याने घेऊन ६,४८०. स्वतःची घेऊन १४,८८०. फुकट म्हणून जी सुट्टी घ्यायची ती सगळ्यांत महाग ठरली. आणि घरच्या जेवणाची, वजूची, नमाजची जी सोय भाच्याने सांगितली ती भाड्याच्या गाडीतही तितकीच मिळते.

आमचा स्वतःचा टेम्पो

हा हिशोब आम्हांस लवकर सुचला त्याचे कारण आम्ही स्वतः असेच फसलो होतो. २००९ साली मालेगावहून धुळे-नाशिककडे माल पाठविण्यासाठी आम्ही एक टेम्पो घेतला. भाड्याच्या टेम्पोवाल्याशी दर खेपेला घासाघीस करावी लागे, त्याचा कंटाळा आला होता. स्वतःचा टेम्पो आठवड्यातून दोन दिवस चाले आणि पाच दिवस दारात उभा राही. ड्रायव्हरचा पगार मात्र सातही दिवस चालू. तीन वर्षांनी अर्ध्याहून कमी किमतीत विकला आणि तेव्हा जुन्या वह्या उघडून पाहिले, तर भाड्याच्या दीडपट खर्च झालेला.

यातून एक गोष्ट शिकलो. भाडे दर वेळी हातातून जाते म्हणून डोळ्यांना दिसते. घसारा कोणी मागायला येत नाही म्हणून दिसत नाही. ज्याला आपण “वस्तू उरली” म्हणतो ती उरते, परंतु फॅशन गेलेल्या थानासारखी. कपाटात जागा अडवते, आणि विकायला काढली की तिची खरी किंमत कळते.

बाजार काय सांगतो

भाच्याला ही गाडी “स्वस्तात” मिळत होती. ती स्वस्त का झाली हेही पाहिले पाहिजे. २०२० मध्ये कोरोनामुळे विमाने व हॉटेले बंद पडली, तेव्हा अमेरिकेत लोक कॅम्परवर तुटून पडले. २०२१ मध्ये कारखान्यांनी सहा लाखांहून अधिक गाड्या बाजारात पाठविल्या. तो विक्रम होता. २०२३ मध्ये तोच आकडा सुमारे ३ लाख १३ हजारांवर आला. मधल्या काळात लोक कामावर परतले, व्याजदर चढले, आणि तेजीत घेतलेला माल विक्रीस निघाला. भाच्यापुढची गाडी त्याच २०२१ ची. पहिल्या मालकाने कशी घेतली आणि का विकली, याचे उत्तर त्यातच आहे.

या गाड्यांपैकी फार मोठा हिस्सा इंडियाना राज्यातील एल्कहार्ट व आसपासच्या गावांत तयार होतो. शिकागोहून मोटारीने दोन तासांची वाट. मालेगाव किंवा भिवंडी जशी यंत्रमागावर, तसे ते गाव कॅम्परवर जगते. २००८ च्या मंदीत तेथील बेकारी १५ टक्क्यांवर गेली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष ओबामांना तेथे जावे लागले. एक धंदा धरून बसलेल्या गावाचे हाल काय होतात ते आपल्याला कोणी सांगायला नको. परंतु व्यापाऱ्याने यातून एवढे ओळखावे की, जी वस्तू तंगी येताच लोक सर्वांत आधी घेणे थांबवितात, ती वस्तू आपल्याला तंगीच्या वेळी विकतानाही गिऱ्हाईक मिळणार नाही.

कोणाला परवडते?

तरीही कॅम्पर घेणारे सारे वेडे आहेत असे आमचे म्हणणे नाही. तेथे नोकरीतून निवृत्त झालेली जोडपी थंडीचे तीन-चार महिने ॲरिझोनासारख्या उबदार राज्यात काढतात. शंभरावर रात्री वापर झाला की हाच हिशोब उलटतो आणि गाडी खरोखर स्वस्त पडते. कर्ज न काढता २०,००० ची जुनी गाडी घेतली आणि घसारा, विमा, जागा व दुरुस्ती मिळून खर्च ६,००० वर आणला, तर ४० रात्रींत बरोबरी होते. ज्याला लांब सुट्टी आहे, हाताला दुरुस्तीचे काम येते आणि घरापाशी जागा आहे, त्याने जरूर घ्यावी. आणि ज्याला खरेच स्वस्तात डोंगर पाहायचे आहेत त्याने तंबू घ्यावा. मात्र यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिजसारख्या काही तळांवर अस्वलांमुळे कापडी तंबूला परवानगी नाही, हे आधी पाहून जावे. आम्ही कापडवाले असूनही हे सांगतो!

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, केरळनेही त्याच वर्षी आणले. येथेही अशी गाडी घेण्याचा मोह कोणास झाला तर त्याने प्रथम चार दिवस भाड्याने घेऊन पाहावे. पाचगणीतील खोली असो की सुट्टीतली हिस्सेदारी, पहिला प्रश्न तोच: वर्षातून किती रात्री?

एक कबुली

हिशोब करताना आमचे मन अगदी तटस्थ होते असे म्हणणे खोटे ठरेल. रोख भरायचे ते १०,००० डॉलर कोठून येणार होते? भाचा दर दोन वर्षांनी बायको-मुलांसह गावी येतो, त्यासाठी बाजूला ठेवलेली ती रक्कम. चौघांची तिकिटे सहा हजारांच्या घरात जातात. त्याची आई म्हणजे आमची थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. कॅम्पर आला असता तर पुढची फेरी टळली असती, बहुधा त्याच्या पुढचीही. कोणत्याही अभ्यासात “इतर सुट्ट्या” म्हणून या सुट्टीची नोंद नाही.

आम्ही हे त्याला उघड सांगितले. तो म्हणाला, “मामू, गावी येणे ही सुट्टी नव्हे. तीन आठवडे लग्ने आणि दावती, मुले आजारी पडतात, परत येऊन आम्हीच दमलेले.” यात खोटे काही नाही. मुलांनी डोंगर-जंगले पाहावीत हा त्यांचा हक्क आहे, आणि नानीदादीच्या नावाने तो हिरावू नये.

अखेर त्याने आठ रात्रींसाठी गाडी भाड्याने घेतली. मुले खूश झाली. मैल्याची टाकी रिकामी करण्याचे काम मात्र पुन्हा आपल्याकडे नको, असे तो म्हणाला. रक्कम अजून शिल्लक आहे. तिचे काय करायचे ते त्याने ठरवावे, कमाई त्याची आहे. आम्ही फक्त तिकिटाचे भाव अधूनमधून विचारीत असतो.